निमित्त असल्याशिवाय चप्पल घालायची नाही

आमच्या घरात ‘चला, कुठंतरी फिरून येऊ’ असं म्हणायची सोय नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लगेच विचारतात, “कशाला?” पटेल असं उत्तर मिळालं तर सगळ्यांच्या आधी त्याच चप्पल घालून दारात उभ्या. नाही मिळालं तर दळण काढून ठेवायला सांगतात. लग्न होऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला आले तेव्हा मला हे फार जाचक वाटायचं. माहेरी संध्याकाळी मांडवीवर जायला कारण लागत नसे. समुद्र आहे, जायचं, बसायचं, यायचं.

परवा पुण्याहून नणंदेचा फोन होता. “वहिनी, तुम्ही लोक वर्षभर कुठं जातच नाही,” म्हणाली. तिनं नुकतेच केरळचे फोटो टाकले होते. मी फोनवर गप्प बसले, पण मग मनातल्या मनात वर्ष मोजायला लागले आणि लक्षात आलं की आम्ही घरी कधी असतो हाच प्रश्न आहे. फक्त सगळं दहा-वीस किलोमीटरच्या आत. आणि प्रत्येक वेळी आत्यांना पटलेलं काहीतरी निमित्त. नदीला नवं पाणी आलं, म्हशीची शिंगं रंगवली, ऊस तुटला, यातलं काहीही चालतं.

सुरुवात पाण्यापासूनच करते. जुलैत झड लागली की कोल्हापुरात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, फूट विचारतात. “किती झालं?” “चौतीस.” बस्स, संवाद संपला. हे राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचे मामा, म्हणजे सासरे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. पावसाळ्यात त्यांची नोकरी पुन्हा सुरू होते. सकाळी चहाआधी ते जुन्या डायरीत पातळी लिहितात आणि शेजारी राधानगरीचे किती दरवाजे उघडले ते. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपले आपण उघडतात, एकातून १,४२८ क्युसेक पाणी. हा आकडा माझ्या मुलाला, ओमला, सातच्या पाढ्याआधी पाठ झाला होता.

आणि मग संध्याकाळी ‘पाणी बघायला’ जायचं. शिवाजी पुलावर ही गर्दी. रेनकोट घातलेली पोरं, डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं घेतलेल्या म्हाताऱ्या, बुलेटवरून आलेली कॉलेजची मुलं, कणसं भाजणारे, आणि “पुढं सरका, पुढं सरका” म्हणत शिट्ट्या मारणारे पोलिस. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. जन्मभर अरबी समुद्र बघितलेल्या बाईला ही माणसं गढूळ पाणी दाखवायला घेऊन आली होती! मामांनी मात्र मला कठड्याशी उभं करून नीट समजावलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच मिळून ही पंचगंगा. पाण्याचा रंग बघून ते सांगायचे, हे कासारीकडचं, हे भोगावतीचं. मला अजूनही ते कळत नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही कळत असेल असं मला वाटत नाही. पण पुलावर उभी असलेली प्रत्येक वयस्क व्यक्ती हेच सांगत असते आणि एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही.

या खेळाला आत्यांनी एक नियम घातलाय. ४३ फूट झाले की पाणी बघायला जायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टपासूनचा नियम. त्या वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही, आणि चारी बाजूंनी पाणी असून नळ कोरडे. आमचं घर पेठेत, उंचावर, त्यामुळं आम्ही वाचलो. सुतारवाड्यातलं एक नातेवाईक कुटुंब आमच्याकडे राहायला आलं. दोन खोल्यांत किती माणसं झोपत होती ते मी तेव्हाही मोजलं नाही. तेव्हा शेजारची काही मुलं मोबाइल घेऊन ‘पाणी बघायला’ निघाली, तर आत्या दारातून ओरडल्या, “लोकांच्या घरात शिरलंय ते पाणी. ते काय बघायचं?” २०२१ साली पुन्हा तेच झालं. तेव्हा आमच्यापैकी कुणीही पुलाकडे फिरकलं नाही. मामा फक्त डायरीत आकडे लिहीत राहिले.

पण त्याच नदीच्या पहिल्या पाण्याचं इथं केवढं कौतुक! आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पेठांमधून मिरवणुका निघतात. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरायचं, मुलींनी तो कलश डोक्यावर घ्यायचा, आणि वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन देवीच्या पायऱ्यांवर ओतायचा. पुढं ‘पी ढबाक’. हे वाद्य नाव ऐकूनच वाजायला लागतं. सनईसारखी ‘पी’ आणि ढोलाचा ‘ढबाक’. मनवा, माझी मुलगी, आठवीत आहे. गेल्या आषाढात तिनं पहिल्यांदा कलश घेतला. निघताना “आई, मला लाज वाटते” म्हणणारी ही पोरगी टेकडी चढेपर्यंत पुढच्या बायकांना “जरा भरभर चला की” म्हणत होती. घरी परतल्यावर मटण. तांबडा, पांढरा, आणि भाकरी. माझ्या आईला हे अजून पचत नाही, देवीची यात्रा आणि घरी मटण. मी तिला म्हटलं, इथं देवीची माणसं आहेत, देवीला माहिती असेल की.

मनवाचा वाढदिवसही जुलैतच. केक कापायचा तो रात्री घरी. दिवसा पन्हाळा. घरापासून वीसेक किलोमीटर, त्यामुळं इथं लोक पन्हाळ्याला भाजी आणायला गेल्यासारखे जातात. जुलैत गडावर समोरचं माणूस दिसत नाही इतकं धुकं. तीन दरवाजाच्या कमानीखाली पाऊस चुकवत उभं राहायचं, सज्जाकोठीवरून ‘इथून सगळं दिसतं’ असं म्हणत काहीही न दिसणारी दरी बघायची, आणि मग मावशींच्या टपरीत झुणका-भाकर, खरडा, दही. महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते १६६० च्या जुलैतच, याच पावसात. दरवर्षी त्या दिवसांत तरुण पोरं पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चालत निघतात. ओमला यंदा जायचं होतं. आम्ही “मोठा झाल्यावर” म्हटलं. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा टपरीवाल्या मावशींना मी ते सांगितलं. “व्हय, ऐकलंय,” म्हणाल्या. “आता पार्किंगचं तेवढं बघा म्हणावं.”

रोजच्या बाहेर पडण्याला मात्र रंकाळा तलाव. याला आत्यांचं निमित्त म्हणजे मामांचे गुडघे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मामा संध्यामठापर्यंत चालतात आणि मग बाकावर बसून इतरांच्या चालण्यावर मत देतात. मुलांना तिथल्या नंदीची गोष्ट फार आवडते. तो नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी जगबुडी. ओमनं एकदा घरातला गहू आणि तांदूळ पट्टीवर ठेवून हिशेब मांडला होता. तांदूळ बासमतीचा घेतला तर नंदी उलटा मागं जातो असं निघालं. मामांनी गंभीरपणे सांगितलं, “आजऱ्याचा घनसाळ घे, आखूड असतोय.” मग जगबुडीची तारीख निघाली. ती फार लांब आहे, काळजीचं कारण नाही. भेळ खाऊन घरी.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचं निमित्त म्हणजे मनवाची तब्येत. ती आत्यांच्या मते ‘काडी’ आहे. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी तिथंच धार काढतो, आणि फेसाळलेला पेला हातात. ना गाळणं, ना उकळणं. मी सायन्सची पदवीधर. कच्च्या दुधातून काय काय होऊ शकतं याची मी सुरुवातीला घरात व्याख्यानं दिली. अजूनही देते. मुलांना मी ते पिऊ देत नाही, आत्या मला न सांगता पाजतात, आणि आल्यावर ओमच्या ओठावरच्या पांढऱ्या मिशीकडं आम्ही दोघी बघून न बघितल्यासारखं करतो. यावर आमच्यात कधी समेट होईल असं दिसत नाही.

त्याच म्हशी दिवाळीत बघायच्या! पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं तर थापा वाटतात. पाडव्याला आणि भाऊबीजेच्या सुमारास इथं म्हशींचं प्रदर्शन भरतं, सागरमाळला, कसबा बावड्यात, पंचगंगेच्या घाटाकडं. अंगावरचे केस भादरून नक्षी काढलेली, तेल लावून कातडी चकचकीत केलेली, लांबच लांब शिंगं रंगवून त्यांना मोरपिसं आणि रिबिनी, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चांदीचे तोडे. कुणाच्या पाठीवर मालकाचं नाव, कुणाच्या पाठीवर तालमीचं. आणि मग तो प्रसिद्ध प्रकार. मालक मोटारसायकलवर, सायलेन्सर काढून टाकलेला, त्या फाडफाड आवाजामागं म्हैस दुडक्या चालीनं धावत सुटते. दोरी नाही, काही नाही. शंभर गाड्या उभ्या केल्या तरी तिला आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज कळतो, असं गवळी छातीवर हात ठेवून सांगतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवऱ्याच्या मागं लपले होते. आता मी पुढच्या रांगेत असते.

आत्या तिथं परीक्षकासारख्या वागतात. त्यांचं बालपण म्हशींत गेलंय. “हिची कास बघ. शिंगाला रंग लावून काय उपयोग?” असं मोठ्यांदा म्हणतात आणि मालक रागावण्याऐवजी थांबून त्यांना म्हशीचं दूध, वय, आईचं नाव सगळं सांगतो. यंदा एका म्हशीचं नाव ‘लक्ष्मी’ ऐकून ओमनं विचारलं, “हिची जयंती कधी असते?” मालकानं विचार करून उत्तर दिलं, “पाडवाच समज की.”

नवरात्र आणि दसरा मी पटकन उरकते, कारण त्याबद्दल सगळ्यांनाच माहिती असतं. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे त्याच टेंबलाईच्या, भेटीला टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. आम्ही तुकडा मिळवायच्या भानगडीत पडत नाही, लांबून नमस्कार. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौक. छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी आली की मामांच्यातला वर्कशॉपवाला जागा होतो. शमीपूजनाकडं पाठ करून ते गाडीच्या इंजिनचा आवाज ऐकतात.

किरणोत्सवाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण यंदा त्यावरून घरात जोरदार चर्चा झाली. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असे मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी थोडे वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. कागदावर तरी असं. प्रत्यक्षात एखादा ढग, हवेतली धूळ, दमटपणा किंवा वाटेतल्या इमारतीचा अडथळा आला की किरणं मध्येच विरतात. आत गर्दी असते म्हणून आम्ही बाहेर स्क्रीनवर बघतो. अख्खं आवार श्वास रोखून एका उजेडाच्या पट्ट्याकडं बघत असतं. तो पट्टा पुढं सरकला की हजार माणसं एकदम “अंबा माता की जय” म्हणतात. ओमनं विचारलं, “जेव्हा देऊळ बांधलं तेव्हा मध्ये बिल्डिंगा नव्हत्या, मग आता बांधू का दिल्या?” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडं नव्हतं. मामांनी ते विचारायला आमदारांचं नाव सुचवलं.

एक निमित्त मात्र गेलंय. नाटक. मामा आणि आत्या दोघंच जायचे, आम्हाला न घेता. त्यांची एवढी एकच चैन. केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मामा सकाळी चालत गेले, परत आले, आणि डायरीत पाण्याच्या आकड्यांच्या खाली ‘थेटर’ एवढंच लिहिलं. आत्यांनी त्या दिवशी कशालाच “कशाला?” विचारलं नाही. पुन्हा उभं राहीपर्यंत दोघं टीव्हीवर जुनी नाटकं बघतात आणि आवाज कमी की जास्त यावर भांडतात.

आता थंडी पडलीय, म्हणजे गुऱ्हाळ. आत्यांचं माहेर भोगावतीकाठी, करवीर तालुक्यातच. त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ अजून सुरू आहे. ‘अजून’ म्हणायचं कारण, आजूबाजूची बरीच बंद झालीत. ऊस कारखान्याला घालणं सोपं, आणि रात्रंदिवस चुलवाणासमोर उभं राहणारी माणसं मिळत नाहीत. कोल्हापूरच्या गुळाचं नाव एवढं, की शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गुळव्याला, म्हणजे गूळ रांधणाऱ्याला, काही मानांकन मिळत नाही, असं मामांच्या मेव्हण्याचं म्हणणं.

तिथं गेलं की वासच आधी येतो, घर दिसायच्या आधी. चरकातून रस टाकीत, टाकीतून काहिलीत. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारायची. रसात रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. पहिल्या तासात काहीच घडत नाहीसं वाटतं आणि मुलं कंटाळतात. मग रंग बदलतो. बुडबुडे मोठे होतात. गुळव्या सगळ्यांना मागं सारतो आणि पाण्यात पाकाची गोळी करून बघतो. त्याच्या हातात घड्याळ नसतं, मापक नसतं. तो एकदम “ओढा!” म्हणतो आणि चार माणसं काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. त्यात काही क्षण उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर झालं तर रवा धरत नाही.

आमचं काम त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. पाक दाट होत आला की काकवी काढून घ्यायची. मी रत्नागिरीची असल्यानं मला घावन आणि काकवी हा मेळ माहितीच नव्हता, आता माझ्या आईकडंही दर हिवाळ्यात एक बाटली जाते, आणि तिकडून आमसुलं येतात. मुलं उसाच्या कांड्याच्या टोकाला गरम गूळ गुंडाळून घेतात आणि तो थंड पाण्यात बुडवतात, कडक झालेली ती कांडी घरी येईपर्यंत पुरते. मनवा यंदा म्हणाली की ती ‘डाएट’वर आहे. आत्यांनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं दोन कांड्या खाल्ल्या.

भांडण होतं ते गुळाच्या रंगावरून. मागच्या खेपेला आमच्याबरोबर माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधले एकजण आले होते. त्यांना पिवळाधमक गूळ हवा होता, बाजारात मिळतो तसा. मामांच्या मेव्हण्यांनी तांबूस, काळपट रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुढं केला. साहेबांचा चेहरा पडला. “जरा स्वच्छ रंगाचा नाही का?” त्यावर मेव्हणे उठलेच नाहीत. झाऱ्यावरची मळी झटकत म्हणाले, “पिवळा पाहिजे तर पावडर घालावी लागती. घालू?” साहेब गप्प. आत्यांनी तोच काळपट रवा उचलला, वास घेतला, कोपऱ्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि पदराला हात पुसत साहेबांना म्हणाल्या, “घ्या हो. पोळीत घातल्यावर रंग कुणाला दिसतोय?”

त्यांनी दोन घेतले.